पूर्ण नाव सांगा

पारनेर
२२ ऑक्टोबर १९७१

ती. दादास मालनचा नमस्कार.

आईने तुमच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून दिले आणि तालुक्याच्या कचेरीत ते नोंदलेही गेले. मला हे तुमच्याकडून कळले नाही. कानिफनाथ अर्जनवीस काल इथे आपल्या लेकीकडे आले होते. शाळेत येऊन भेटले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या मातोश्रींचा कागद मीच लिहिला की." त्यांना वाटले मला ठाऊक असणारच. मीही ठाऊक असल्यासारखे दाखवले आणि त्यांना चहा पाजला.

त्या कागदाने आईच्या नावावरचे काहीही तुम्ही तिच्या वतीने देऊ शकता, विकू शकता. आणि आईच्या नावावर आहे काय, तर खळवाडीची जमीन. आजोबांना मुलगा नव्हता म्हणून त्यांनी ती आईला दिली. वडिलांच्या सोनईच्या जमिनीवरचा हक्क मी सोडून दिला, त्याबद्दल तेव्हा बोलले नाही आणि आताही बोलत नाही. पण खळवाडी आईची स्वतःची आहे. आता तिच्या कडेने कालवा जाणार म्हणतात.

दादा, मी गौरीला आले होते तेव्हा आईने मला "तू कुणाची गं?" असे विचारले होते. तुम्ही तिथेच जेवत होता. कचेरीत साहेबांनी तिला काही विचारले का? की नुसता अंगठा घेतला?

हे म्हणतात, पत्र लिहू नकोस, उगाच वाईटपणा येईल. मी लिहिते आहे. वहिनींना नमस्कार.

मालन

•

सोनई
३० ऑक्टोबर १९७१

चि. मालन हीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. कानिफनाथाच्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मुखत्यारपत्र केले हे खरे. लपवायचे काही नव्हते, लिहायचे राहून गेले.

खळवाडीच्या जमिनीचा एक पट्टा कालव्यात जातो. त्याचे कागद निघतात, कधी तलाठ्याकडे, कधी नगरला. दर वेळी आईला गाडीत घालून न्यायचे का? मागच्या खेपेला ती अर्ध्या वाटेत गाडीतून उतरली आणि कोणाच्या तरी उसात जाऊन बसली. तुझ्या वहिनीने तिला हाताला धरून बाहेर काढले. म्हणून एकदाच नेले आणि कागद करून मोकळे झालो.

साहेबांनी नुसता अंगठा घेतला नाही. विचारले, ते ऐक. साहेब तरुण, शहरातला. म्हणाला, "आजी, पूर्ण नाव सांगा." आई म्हणाली, "मनकर्णा." तो म्हणाला, "पूर्ण. मालकांचं नाव काय?" तर आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मान खाली घातली आणि हसली. सगळी कचेरी हसली. शिपाई म्हणाला, "सायेब, जुन्या वळनाची म्हातारी हाय. आमची आय बी अशीच हुती, मरंस्तवर नाव घेतलं न्हाई." साहेबालाही हसू आले. म्हणाला, "राहू द्या आजी, मी वाचतो, तुम्ही मान हलवा." त्याने "मनकर्णा भ्रतार गहिनीनाथ" असे वाचले आणि आईने मान हलवली. झाले.

आता तूच सांग. वडील जाऊन इतकी वर्षे झाली, तरी ज्या बाईला नवऱ्याचे नाव घ्यायची लाज कळते, तिला म्हातारचळ लागलाय असे कोण म्हणेल?

पाव्हण्यांना रामराम सांग.

कारभारी

•

पारनेर
८ नोव्हेंबर १९७१

ती. दादास नमस्कार.

पत्र वाचून हसू आले आणि बरेही वाटले. जूनमध्ये शाळेत मुलांची नावे घालायला बाया येतात, तेव्हा हेच चालते. "बापाचं नाव?" म्हटले की पोराला कोपराने ढोसतात, "सांग की रं." पोरगे बुजरे असले तर शेजारणीला सांगायला लावतात. या वर्षी एकीने भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवले. तिच्या नवऱ्याचे नाव भारत. मी रजिस्टरात नाव लिहीपर्यंत ती पदराआड हसत होती.

आईचे तसेच झाले असणार. मी उगाच मनात आणले. गौरीच्या दिवशी तिला झोप झाली नसेल, घरात माणसेही फार होती.

एकच मागणे आहे. खळवाडी विकू नका. आई आहे तोवर ती तिच्या नावावर असू द्या. संक्रांतीला येते.

मालन

•

सोनई
१९ डिसेंबर १९७१

चि. मालन हीस आशीर्वाद.

संक्रांतीला जरूर ये. आईची तब्येत ठीक. खाणे बरे आहे, रात्रीची हिंडते, म्हणून दाराला बाहेरून कडी लावतो. खळवाडीत या साली जोंधळा आसारामने केला आहे, वाट्याने. तुझ्या वहिनीचा भाऊ आहे, परका नाही. मला दोन्हीकडे पाहणे होत नाही. बाकी भेटीत.

कारभारी

•

पारनेर
२० जानेवारी १९७२

दादा,

तुमच्या ओट्यावर बसून बोलले असते. पण वहिनींनी तिळगुळाची वाटी हातात दिली होती, घरात पाहुणे होते. म्हणून लिहिते. पोस्टकार्ड सगळे वाचतात म्हणून पाकिटात घालते.

संक्रांतीच्या दुपारी मी अंगणात आईची वेणी घालत होते. तुम्ही आत आडवे झाला होता. आई मला हळूच म्हणाली, "पोरी, तू शिकल्याली दिसतीस. एक इचारू? कुनाला बोलायचं न्हाई."

"विचार ना."

"माझ्या मालकाचं नाव काय गं?"

मला वाटले चेष्टा करते. मी म्हटले, "आता या वयात नाव घ्यायला लावतेस का मला?" तर तिने माझा हात धरला. म्हणाली, "न्हाई गं, खरंच येत न्हाई. तितं कचेरीत सायबानं इचारलं. समदी माझ्याकडं बघाया लागली. लई भ्याले मी. मंग पदर वढला. पदर वढला की म्होरं कोन इचारत न्हाई."

मी तिला नाव सांगितले. तिने ते दोनदा म्हणून पाहिले, गावात नवीन आलेल्या माणसाचे म्हणावे तसे. म्हणाली, "बरं नाव हाय." आणि मग, "हाय का त्यो घरात?"

दादा, ती लाजली नव्हती. ती अडली होती आणि तिने ते झाकले. तो शिपाई हसला, साहेब हसला, तुमचे पत्र वाचून मीही हसले. तुम्ही मात्र का हसलात? वडील गेल्यावर वारसाची नोंद करायला चावडीत आई, तुम्ही आणि मी उभे होतो. नाव कसे विचारावे म्हणून तलाठी चाचरत होता. आईनेच मोठ्याने सांगितले, "ज्याला लाजायचं त्यो गेला. लिवा, गहिनीनाथ." तुम्ही तिचा दंड धरून उभे होता. त्यानंतर आईने नाव घ्यायला कधी लाज धरली नाही. रेशनच्या दुकानातसुद्धा खणखणीत सांगायची.

परत येताना मी खळवाडीच्या फाट्यावर उतरले. आसाराम बांधावर दगड रोवून घेत होता. मी विचारले, "हे काय चाललंय?" तो म्हणाला, "माझ्या रानाची खूण करतोय, ताई. दाजींनी सांगितलं न्हाई व्हय?"

हे खरे आहे का? खरे असेल तर तो कागद रद्द करा. मी आठ दिवस वाट पाहते.

मालन

•

सोनई
२ फेब्रुवारी १९७२

मालन,

तुझे पत्र मी एकदाच वाचले. दुसऱ्यांदा वाचवले नाही.

होय, खळवाडीचे खरेदीखत आसारामच्या नावाने झाले. मुखत्यार म्हणून मी सही केली. आणि होय, आईला नाव आठवले नाही हे मला कचेरीतच कळले. तुला काय वाटते, जो रोज पाहतो त्याला कळत नाही? तुला एका दुपारी कळले. तिने चुलीवरच्या तव्यात माझी पायताणे ठेवली तेव्हा तू होतीस का? तुझ्या वहिनीला ती चोरटी म्हणते, भरल्या घरात झिंज्या धरते. खळवाडीला बाप जेवायचा थांबलाय म्हणून भर उन्हात अनवाणी निघते. तुझी वहिनी हातातले पीठ तसेच ठेवून मागे पळते. तिचे अंथरूण रोज धुवावे लागते. यातले मी तुला कधी कळवले नाही, कारण कळवून तू काय करणार होतीस? गौरीला आणि संक्रांतीला येणार, वेणी घालणार, आणि पाकिटात घालून पत्र पाठवणार.

आता जमिनीचे. आई गेली की खळवाडीचे दोन वाटे होतील, एक तुझा. कायदा तसा आहे हे मला माहीत आहे. पाव्हणे सरळ आहेत, पण त्यांचे भाऊबंद? कालव्याचे पाणी आले की तेच लोक मोजणी घेऊन बांधावर येतील. म्हणून मी ती आसारामच्या नावावर ठेवली. विकली नाही, ठेवली. नाव त्याचे, पीक आपले. माणूस घरचा आहे. बांधावर दगड रोवला म्हणून काय झाले, गुरे शिरतात.

कागद रद्द होणार नाही. तुला यायचे तर ये, आईला भेट. ओट्यावर बसून बोल. पण मला शिकवू नकोस.

कारभारी

•

पारनेर
२५ फेब्रुवारी १९७२

ती. दादा,

वहिनी काय करतात ते मला माहीत नव्हते असे मी म्हणत नाही. माहीत होते आणि मी विचारत नव्हते. तुम्ही लिहिलेत ते खरे आहे.

पण आसारामचे तुम्ही लिहिता तसे नाही. माणूस "माझ्या रानाची खूण" म्हणतो तेव्हा तो गुरांचे बोलत नसतो. कागदावर जमीन त्याची आहे. उद्या तो "माझीच" म्हणाला, तर तुमच्याकडे दाखवायला काही नाही आणि माझ्याकडेही नाही. आईकडे तर नाहीच. तिच्या औषधाला, पुढेमागे तिला सांभाळणारे माणूस ठेवायला, तिचे असे काहीच उरले नाही. तुम्ही जमीन माझ्यापासून वाचवलीत आणि घालवलीत.

नगरला वकिलांकडे गेले होते. ते म्हणाले, वाट एकच आहे. कागद केला तेव्हा आई भानावर नव्हती हे जिल्हा कोर्टाकडून ठरवून घ्यायचे, म्हणजे मुखत्यारपत्र पडेल आणि त्यामागून खरेदीखतालाही आव्हान देता येईल. मी म्हटले, अर्जात "विसरते" असे लिहा. ते म्हणाले, "बाई, विसरणाऱ्या माणसासाठी कायदा नाही. वेड लागलेल्यासाठी आहे. तोच शब्द लिहावा लागतो."

दुसरा काही शब्द आहे का म्हणून मी त्यांच्या टेबलाशी बराच वेळ बसून राहिले. मुलांना मी समानार्थी शब्द शिकवते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि वाट पाहत राहिले. मग मी सही केली.

नोटीस तुम्हाला येईल. ती आईला वाचून दाखवू नका.

मालन

•

सोनई
१९ मार्च १९७२

मालन,

नोटीस आली. वाचून दाखवू नका म्हणालीस, पण बेलीफ काय आपल्या घरातला आहे? त्याने ओट्यापुढे उभे राहून मोठ्याने वाचली, "मनकर्णा भ्रतार गहिनीनाथ ही वेडी असल्याबाबत." मग दाराला चिकटवली. आई ओट्यावरच बसली होती. नीट ऐकून घेतले आणि तुझ्या वहिनीला म्हणाली, "कोन येडी झाली गं? बिचारी. पोरंबाळं हायती का तिला?"

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत आईला "कोरटाची येडी" म्हणतात. तुझी वहिनी पाण्याला गेली तर शेजारच्या दगडाबाईने सगळ्यांदेखत विचारले, "काय गं रंगू, सासू येडी ठरली की तुला चावी मिळंल म्हन!" वहिनी घागर तिथेच ठेवून घरी आली. आता पाणी मी आणतो. गावातले पुरुष मला वाट देतात आणि मागे वळून बघतात. हे सारे तुझ्या सहीने झाले.

एक लक्षात ठेव. तू शाळेत शिकवतेस, तर तुझी वहिनी घरात शिकवते. रोज जेवताना ती आईपुढे बसते. घास हातात धरते आणि म्हणते, "नाव घ्या, आत्याबाई." आईने नाव घेतले की घास. पहिल्या दिवशी आईने चार घासच खाल्ले. आता अडत नाही. "मनकर्णा गहिनीनाथ" असे बिनचूक म्हणते. गावाचे नावही चालू केले आहे. ही युक्ती माझी नाही, आसारामने सुचवली, पण करते ती.

कोर्ट काय विचारणार? हेच. तर ये ऐकायला.

कारभारी

•

पारनेर
२९ जून १९७२

ती. दादा,

हे पत्र वहिनींना आहे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून तुमच्या हातात पडणार. एकही शब्द न गाळता वाचून दाखवा.

सौ. रंगुबाई वहिनींना मालनचा नमस्कार.

वहिनी, मंगळवारी कोर्टात आपण एका बाकावर बसलो होतो, मध्ये आई. आपण बोललो नाही. आईच्या अंगावर तुमचे हिरवे लुगडे होते, तिच्या केसांना तेल होते, नखे कापलेली होती. ते मी पाहिले.

न्यायाधीश चांगले होते. आईला खुर्ची द्यायला लावली. "आजी, पूर्ण नाव सांगा" म्हणाले. आई म्हणाली, "मनकर्णा गहिनीनाथ." दादांनी माझ्याकडे पाहिले. मग न्यायाधीशांनी विचारले, "गाव कोणतं?" आई म्हणाली, "गहिनीनाथ." "मुलं किती तुम्हाला?" "गहिनीनाथ." "आज सकाळी काय खाल्लंत?" तेव्हाही तेच. चौथ्या वेळी तिला कळले की काहीतरी चुकते आहे. ती मागे वळली आणि सगळ्या कोर्टासमोर तुम्हाला म्हणाली, "रंगू, बरोबर म्हनले का गं? आता दे की खायला."

त्यानंतर तुम्ही तिला धरून बाहेर नेलेत. आत पुढे काय झाले ते दादांनी तुम्हाला सांगितले असेल किंवा नसेल, म्हणून मी सांगते.

सरकारी डॉक्टरांनी आईला आधी तपासले होते. त्यांचा कागद वाचला गेला. तिला स्वतःचे कळत नाही, आणि कागद केला तेव्हाही कळत नसावे, असा त्यांचा अभिप्राय आहे. जमिनीला निकाल लागेपर्यंत कोणी हात लावायचा नाही असा हुकूम झाला. आसारामनेही नाही. पण आईच्या वतीने जमिनीसाठी भांडणारे कोणीतरी पाहिजे, आणि आईला सांभाळणारेही. कोर्ट पालक नेमते. मी उभी राहिले आणि म्हणाले, मी सांभाळते. दादा म्हणाले, मी आजवर सांभाळले. न्यायाधीशांनी दोघांनाही बसवले. म्हणाले, आई मेल्यावर ज्याला जमीन मिळणार, त्याच्या हातात तिचा जीव शक्यतो देऊ नये, असे कायदा सांगतो. मुलगा वारस, मुलगी वारस. तुम्हा दोघांशिवाय कोण आहे?

मग ते म्हणाले, पुढच्या तारखेला नाव सांगा. नाही सांगितले तर तिला पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्याचा विचार करावा लागेल.

वहिनी, मी बाहेर आले तेव्हा तुम्ही पायरीवर बसून आईला भाकरी चारत होता. आता नाव विचारत नव्हता. वकील माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी विचारले, "या कोण?" मी म्हटले, सून. ते म्हणाले, "सून वारस नसते."

घासासाठी तिला नाव घ्यायला लावलेत याचा मला राग आहे. तो जाणार नाही. तरी मी अर्ज देते आहे की आईचा जीव आणि आईची जमीन, दोन्हीचा पालक म्हणून रंगुबाईंना नेमावे. पालक झालात तर खरेदीखत मोडायचा दावा तुमच्याच नावाने, तुमच्या सख्ख्या भावावर होईल. हे समजून सांगते, अंधारात ठेवून नाही. तुम्हाला कोर्टात तोंडाने "हो" म्हणावे लागेल. दुसऱ्या कोणाचे चालणार नाही.

दादा, वाचून दाखवलेत का?

मालन

•

सोनई
१४ जुलै १९७२

चि. मालन हीस आशीर्वाद.

वाचून दाखवले. गाळायचे मनात आले होते, घासाचे तेवढे. तुझी वहिनी म्हणाली, "थांबलात का? वाचा म्होरं." म्हणून तेही वाचले.

सगळे ऐकून ती म्हणाली, "इतकी वर्सं या घरात गू-मूत काडलं तवा कुनी नाव न्हाई घेतलं माजं. आता कोरटाला पायजे म्हनून आठवलं व्हय? वन्संला म्हनावं, राग ठिवा. मी बी ठिवलाय." मग उठून भाकऱ्या थापायला गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आसारामला कुठून कळले कोण जाणे. तिसऱ्या दिवशी सायकलीवर आला. ओट्यावर बसला, पाणी घेतले नाही. मी तिथेच होतो, पण माझ्याकडे बघून तो एक शब्द बोलला नाही. तिला म्हणाला, "आक्के, रान माझं हाय. कागद हाय माझ्याकडं. तू सासूच्या वतीनं माझ्यावर दावा लावनार असशील तर आजपासून तुला माहेर न्हाई. भाऊबीजेला वाट बघू नको." मी म्हटले, "आसाराम, रान तुझ्या नावावर ठेवलं होतं, तुला दिलं नव्हतं." तो हसला. म्हणाला, "दाजी, मंग तसं कागदावर लिवायचं." त्याची सायकल वळेपर्यंत मी उभा होतो. तू फेब्रुवारीत लिहिलेस ते मला त्याच्या तोंडून ऐकावे लागले. एवढेच लिहितो.

तुझी वहिनी त्याला काही बोलली नाही. हो नाही, नाहीही नाही. तो गेल्यावर आईचे अंथरूण धुवायला घेतले. पाणी कमी आहे. आभाळ अजून कोरडे आहे, विहीर तळाला गेली आहे. एका बादलीत ती सगळे भागवते.

आईने अलीकडे बोलणे कमी केले आहे. नाव कोणी विचारत नाही, तरी जेवायला बसले की आपणहून घेते. तुझी वहिनी म्हणते, "पुरे आता आत्याबाई, खा." तरी घेतेच.

तारीख मंगळवारी, अठराला आहे. वकिलाने निरोप दिला आहे की आईला आणायची गरज नाही, फक्त रंगुबाईंनी हजर राहावे. पहाटेची एसटी आहे. मी म्हटले, मी सोबत येतो, बाईमाणूस एकटी कशी जाणार. तर म्हणाली, "तुमी वारस हाय. तुमी म्हातारीपाशी थांबा." आज सकाळी तिने मला पुढ्यात बसवले आणि भाकरी किती बारीक कुस्करायची, दूध किती घालायचे, घास घशाशी अडकला तर पाठीवर कुठे हात मारायचा, ते दाखवले. आईने माझ्या हातचे दोन घास खाल्ले आणि तिसरा थुंकला.

तू कोर्टात असशील. ती स्टँडवर उतरली की तिला तिथून कोर्टापर्यंत घेऊन जा, तिला नगर माहीत नाही. वाटेत काही विचारू नकोस. मंगळवारी ती साहेबापुढे काय बोलणार ते तिने मला सांगितलेले नाही. आसारामलाही नाही.

कारभारी